दीन आणि रिवाज

जावा बेटावरून मक्का पश्चिमेला येते. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सूरिनाममधून ती पूर्वेला येते. शाळकरी मुलालाही नकाशावर दिसेल अशी ही गोष्ट. पण तिच्यावरून एका समाजाचे दोन तट पडले. १८९० ते १९३९ या काळात डचांनी जावाहून सुमारे ३३ हजार माणसे करारावर मजूर म्हणून सूरिनामच्या मळ्यांवर नेली. त्यांतली बहुतेक मुसलमान होती. गावी नमाज पश्चिमेकडे तोंड करून होत असे. नव्या देशातही त्यांनी पश्चिमच धरली आणि मशिदी बांधल्या त्याही पश्चिमाभिमुख. पुढे १९३०च्या दशकात काहींनी हरकत घेतली. किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, मक्केकडे हवा आणि इथून मक्का पूर्वेला आहे, असे त्यांचे म्हणणे. जुन्या मंडळींचे उत्तर असे की वाडवडिलांनी जे केले ते आम्ही करतो आणि अल्ला सगळ्याच दिशांना आहे. डच भाषेत या दोन गटांना 'पश्चिमेकडे नमाज पढणारे' आणि 'पूर्वेकडे नमाज पढणारे' अशी नावेच पडली.

वाद दिशेपुरता राहिला नाही. पूर्ववाल्यांनी सलामतान या सामुदायिक जेवणावर, पितरांसाठी ठेवल्या जाणाऱ्या नैवेद्यावर, जावाहून आलेल्या आणखी कितीतरी चालीरीतींवर बोट ठेवले. पश्चिमवाल्यांच्या दृष्टीने या गोष्टी वगळून मुसलमान असणे म्हणजे जावाचे असणे सोडून देणे. गंमत अशी की दोन्ही बाजूंना कुराणाचा आधार सापडतो. दुसऱ्याच सूरेत पूर्व आणि पश्चिम दोन्ही ईश्वराच्या असल्याचे म्हटले आहे आणि त्याच सूरेत मक्केच्या मशिदीकडे तोंड करण्याची आज्ञाही आहे. १९७५ साली सूरिनाम स्वतंत्र झाला. त्या सुमारास यांतली बरीच कुटुंबे नेदरलँड्सला येऊन राहिली. तिथून मक्का आग्नेयेला आहे.

धर्माची शिकवण म्हणजे दीन कोणता आणि समाजाची रूढी म्हणजे रिवाज कोणता, हा या पुस्तकाचा विषय. 'शास्त्राद् रूढिर्बलीयसी' हे वचन ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तो नवा नाही. मुसलमान समाजांबद्दल मात्र आपण सहसा दोन टोकांची वाक्ये ऐकतो. एक म्हणते, मुसलमान जे जे करतात ते सगळे त्यांच्या धर्मात सांगितले आहे. दुसरे म्हणते, जे जे वाईट दिसते ती सगळी रूढी, धर्म त्यापासून अलिप्त. दोन्ही वाक्ये सोयीची आहेत आणि दोन्ही टिकत नाहीत. ती का टिकत नाहीत हे बघायला नेदरलँड्ससारखी दुसरी जागा नाही. जावा, सुमात्रा, उत्तर भारत, तुर्कस्तान, मोरोक्को, सोमालिया इथले मुसलमान एकाच छोट्या देशात शेजारी म्हणून राहतात. एकाचा 'धर्म' दुसऱ्याच्या घरी सापडत नाही हे त्यांना रोज दिसते.

नेदरलँड्सकडे बघण्याचे दुसरे कारण इतिहासातले आहे. जगातली सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या आज ज्या देशात आहे तो इंडोनेशिया डचांच्या ताब्यात होता. धर्म आणि रूढी वेगळे काढणे हा त्यांच्यासाठी अभ्यासिकेतला प्रश्न नव्हता, तो राज्यकारभाराचा भाग होता. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजात जमीन आणि घर आईच्या वंशाने चालते. मालमत्ता मुलींकडे जाते, मामाला मान असतो आणि तरीही समाज पक्का मुसलमान. १८०३च्या सुमारास मक्केहून परतलेल्या काही हाजींनी या रूढींविरुद्ध आघाडी उघडली. कोंबड्यांच्या झुंजी, जुगार, अफू, तंबाखू, विडा आणि त्याबरोबर मातृवंशाचा वारसा, सगळेच त्यांनी बाद ठरवले. यातून पाद्री युद्ध म्हणून ओळखला जाणारा संघर्ष पेटला. रूढीच्या बाजूच्या सरदारांनी १८२१मध्ये डचांशी तह केला आणि त्यांची फौज बोलावली. १८३७मध्ये बोंजोलचा किल्ला पडला तेव्हा रूढी वाचली होती, स्वातंत्र्य गेले होते.

पुढे त्या समाजाने काढलेली वाट मोठी शहाणपणाची आहे. वडिलोपार्जित शेती आणि कुळाचे घर आईच्या वंशाने जाईल. माणसाने स्वतः कमावलेली मालमत्ता शरियतप्रमाणे वाटली जाईल. एकाच घरात दोन कायदे, आणि कुणाचेही ईमान त्यामुळे कमी झाले असे तिथे मानत नाहीत.

डच सरकारने यातून वेगळा धडा घेतला. लायडनचे पंडित क्रिस्तियान स्नूक हुर्खोन्ये १८८५मध्ये मुसलमान म्हणून मक्केत राहून आले आणि मग आचे प्रांतातल्या लढाईत सरकारचे सल्लागार झाले. त्यांचा सल्ला थोडक्यात असा : नमाज-रोजाला हात लावू नका, राजकारण करणाऱ्या उलेमांना दडपा आणि रूढी सांभाळणाऱ्या सरदारांना जवळ करा. लायडनचेच कॉर्नेलिस फान फोलेनहोफेन यांनी रूढीच्या कायद्याचे एक शास्त्रच उभे केले. जिथे रूढीने स्वीकारला असेल तेवढ्यापुरताच इस्लामी कायदा लागू, हे सूत्र १९२९मध्ये कायद्यात आले. १९३७मध्ये जावा आणि मदुरा इथल्या धार्मिक न्यायालयांकडून वारशाचे खटले काढून घेण्यात आले.

त्याच १९३७ साली हिंदुस्थानात नेमके उलटे घडले आणि त्याची मुळे मुंबईत होती. १८४७मध्ये खोजा आणि मेमन कुटुंबांतल्या मुलींनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात कुराणाप्रमाणे वारशाचा वाटा मागितला होता. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींची रूढी मुलींना वाटा देत नाही आणि रूढीच चालेल. धर्मग्रंथाने दिलेले रूढीने काढून घेतले आणि कोर्टाने त्यावर शिक्का मारला. नव्वद वर्षांनी आलेल्या शरियत कायद्याने रूढी मागे सारली. त्या कायद्याच्या मागे उलेमा होते आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनाही होत्या. शेतजमीन मात्र त्यातून वगळली गेली. वाटणीत खरी किंमत जिची होती ती रूढीकडेच राहिली.

या दोन उदाहरणांवरून या पुस्तकाचे सूत्र हाती येते. सुमात्रात रूढी बाईच्या बाजूने होती, मुंबईत धर्मग्रंथ तिच्या बाजूने होता. म्हणजे 'धर्म चांगला, रूढी वाईट' किंवा 'रूढी सौम्य, धर्म कठोर' अशी ठोकळेबाज मांडणी उपयोगाची नाही. धर्म आणि रूढी यांतली रेघ आयती सापडत नाही. ती कुणीतरी ओढतो, आणि ओढणाऱ्याचे त्यात काहीतरी काम असते. डच सरकारला राज्य करायचे होते, मक्केहून आलेल्या हाजींना समाज शुद्ध करायचा होता, मुंबईतल्या मुलींना हक्काचा वाटा हवा होता.

ही रेघ पुढे युरोपात आली ती कामगारांबरोबर. नेदरलँड्सने १९६४मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९मध्ये मोरोक्कोशी कामगारभरतीचे करार केले. १९७३च्या तेलसंकटाच्या सुमारास भरती थांबली, पण आलेली माणसे परत गेली नाहीत, बायकामुले आली. मोरोक्कोहून आलेले बहुतेक जण रिफच्या डोंगराळ मुलखातले, घरात बर्बर बोलणारे. मशिदीत प्रवचन अरबीत. तुर्कांच्या बऱ्याच मशिदींत इमाम अंकाराच्या सरकारी धर्मखात्याकडून येत राहिले. सूरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी मुसलमानांचे पूर्वज १८७३ ते १९१६ दरम्यान कलकत्त्याहून जहाजांनी गेलेले, मूळचे बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे. सूरिनाममध्ये मोहरमचे ताबूत निघत तेव्हा त्यांत हिंदूही सामील होत. पुणे-सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. आज नेदरलँड्सच्या लोकसंख्येत मुसलमान साधारण पाच-सहा टक्के आहेत.

आईवडिलांच्या पिढीने हा सगळा गाठोड्यातला ऐवज एकत्रच आणला. गावची रीत, घराण्याची इभ्रत, नमाज, रोजा, लग्नातले गाणे, मुलीवर लक्ष ठेवणे, यांपैकी दीन कोणता आणि रिवाज कोणता हे विचारायची गावात वेळ आली नव्हती. शाळेत डच मुलांबरोबर बसलेल्या त्यांच्या मुलांवर मात्र ती रोज येई. शिक्षक विचारत, तुमचा धर्म असे का सांगतो? उत्तर शोधायला मुले पुस्तकांकडे वळली. मार्टिन दे कोनिंग या मानववंशशास्त्रज्ञाने खाउडा शहरातल्या मोरोक्कन वंशाच्या तरुणांचा दीर्घ अभ्यास केला आणि २००८मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांची ओढ 'शुद्ध' इस्लामकडे होती, आईबापांच्या सवयींपासून वेगळा केलेल्या इस्लामकडे.

त्यात मुलींच्या हाती एक हत्यार आले. बाप म्हणतो, चुलतभावाशी लग्न ठरवले आहे. मुलगी म्हणते, निकाहाला वधूची संमती लागते हे तुमच्याच धर्मात आहे. तुम्ही सांगता तो रिवाज. शिक्षण, नोकरी, मेहर स्वतःच्या हाती घेणे, यासाठीही हाच युक्तिवाद. घराशी नाते न तोडता, बापाच्या धर्माचा मान राखून बापाला नाही म्हणता येते, हे या युक्तिवादाचे मोल. बाहेरून आलेल्या कुठल्याही प्रचारापेक्षा त्याने जास्त दारे उघडली.

पण ज्या झाडूने जाचक रिवाज निघतो त्यानेच निरुपद्रवी रिवाजही निघतो. लग्नातली हळद, ढोलकी, दर्गा, ताबूत, पैगंबर जयंतीची गाणी, आजीच्या तावीज-गंड्यासकट सारे एकाच ढिगात जाते. पाद्री युद्धातल्या हाजींची यादी आठवावी. शुद्धीची भाषा बोलणारा कडवा प्रचारक आणि स्वतःचा नवरा स्वतः निवडू पाहणारी मुलगी काही अंतर एकाच वाटेने चालतात. पुढे वाट फुटते. मुलीला आईची गाणी परत हवी असतात आणि प्रचारकाला ती कायमची बंद हवी असतात.

'ही रूढी आहे, धर्म नव्हे' हे वाक्य सर्वांत जास्त वापरले गेले ते मुलींच्या सुंतेच्या बाबतीत. नेदरलँड्समध्ये ही प्रथा गुन्हा आहे. देशाबाहेर नेऊन केली तरी खटला होऊ शकतो. सोमाली निर्वासितांमध्ये काम करणाऱ्यांनी इमामांची मदत घेतली आणि त्याचा उपयोगही झाला. प्रथा इस्लामपेक्षा जुनी आहे, इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती घरांतही ती चालत आली, बहुतेक मुस्लिम जगात ती नाही, हे सगळे खरे आहे. २००६मध्ये कैरोच्या अल-अझहरमध्ये भरलेल्या परिषदेत उलेमांनी तिला धर्माधार नसल्याचे जाहीर केले. तरी गोष्ट इथे संपत नाही. शाफई पंथाच्या जुन्या शास्त्रकारांनी ती कर्तव्य मानली आहे. इंडोनेशियात ती धर्म म्हणूनच चालते. आपल्या मुंबईत दाऊदी बोहरा समाजातल्या स्त्रियांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला तेव्हा समोरून धर्मस्वातंत्र्याचाच हवाला आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे गेले. मग ही रूढी की धर्म? सोमाली आईला समजावताना 'रूढी' म्हणणे योग्यच. पण उद्या कुणी ग्रंथ उघडून आधार दाखवला तर ती प्रथा चालू ठेवायची काय?

तलाकच्या प्रश्नात तर रूढीची ढाल मुळातच तोकडी पडते. डच कोर्टात घटस्फोट झाला तरी नवऱ्याने धार्मिक तलाक दिला नाही तर बाई समाजाच्या आणि माहेरच्या देशाच्या कायद्याच्या नजरेत त्याची बायकोच राहते. दुसरे लग्न केले तर ती बदफैली ठरते. माहेरी जायची सोय राहत नाही. शिरीन मुसा या पाकिस्तानी वंशाच्या बाईंनी २०१०मध्ये रॉटरडॅमच्या कोर्टात नवऱ्याविरुद्ध दावा लावला. तलाक द्यायला सहकार्य कर, नाहीतर दंड भर, असा हुकूम कोर्टाने दिला. त्यानंतर त्यांनी 'फेम्स फॉर फ्रीडम' ही संस्था काढली. या प्रश्नाला डच कायद्यात 'वैवाहिक बंदिवास' म्हणतात. २०१३मध्ये त्याला फौजदारी तरतूद मिळाली आणि २०२३च्या कायद्याने दिवाणी न्यायाधीशाला असा हुकूम देण्याचा स्पष्ट अधिकार मिळाला. विशेष असे की या वाटेवर पहिले पाऊल १९८२मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पडले होते आणि तो खटला एका ज्यू स्त्रीचा होता. तलाक देण्याचा एकतर्फी अधिकार पुरुषाकडे असणे ही गावची रीत नाही, ती धर्मशास्त्रातली तरतूद आहे. तिला रूढी म्हणून बाजूला सारता येत नाही. शास्त्रात 'खुला', म्हणजे बायकोने मागून घेतलेला घटस्फोट, हा मार्ग आहे, पण बहुतेक शास्त्रकारांच्या मते त्यालाही नवऱ्याची किंवा काजीची संमती लागते, आणि युरोपात काजी नाही.

डच सार्वजनिक चर्चा या बारकाव्यांत फार शिरली नाही. सोमालियात जन्मलेल्या, १९९२मध्ये आश्रय घेऊन आलेल्या आणि २००३मध्ये संसदेत गेलेल्या अयान हिर्सी अली यांनी 'दोष रूढीचा नाही, धर्माचाच आहे' असे ठणकावून सांगितले. त्यांच्या लेखनावर थिओ फान खोख यांनी काढलेली लघुफिल्म ऑगस्ट २००४मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यावर फान खोख यांचा खून झाला. खुनी त्याच शहरात जन्मलेला, डच शाळेत शिकलेला तरुण होता. आईबापांचा मोरोक्कन रिवाज टाकून तो 'शुद्ध' धर्माकडे गेला होता. रूढी गेली की माणूस आपोआप उदार होतो, या समजुतीला याहून मोठा तडा कोणता?

त्याच काळात त्याच देशात एक वेगळा आवाज होता. नसर हामिद अबू झैद हे कैरोचे प्राध्यापक. कुराण समजून घेताना ते ज्या काळात आणि ज्या समाजात उतरले त्याचे भान ठेवा, धर्म आणि धर्माबद्दल माणसांनी केलेला विचार यांत फरक करा, असे त्यांचे म्हणणे. १९९५मध्ये इजिप्तच्या कोर्टाने त्यांना धर्मभ्रष्ट ठरवले आणि मुसलमान बाईचा नवरा धर्मभ्रष्ट असू शकत नाही म्हणून त्यांचे लग्नही मोडीत काढले. त्यांची पत्नी इब्तिहाल युनूस स्वतः प्राध्यापिका. दोघांनी देश सोडला. अबू झैद लायडनमध्ये शिकवू लागले, पुढे उट्रेख्टमध्येही अध्यासनावर होते. २०१०मध्ये त्यांचे निधन झाले. आपण मुसलमान आहोत हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले. स्नूक हुर्खोन्ये यांच्या विद्यापीठात शतकाने एक मुसलमान विद्वान तीच रेघ पुन्हा ओढत होता. या वेळी ती राज्यकर्त्यासाठी नव्हती, श्रद्धावंतासाठी होती. शिवाय तिची जागाही बदलली होती : ग्रंथ एका बाजूला आणि रूढी दुसऱ्या बाजूला अशी ती नव्हती, ती ग्रंथाच्या अर्थाच्या आतूनच जात होती.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. विधवाविवाहाला शास्त्राधार आहे की नाही यावर १८७०मध्ये पुण्यात जाहीर वादसभा झाली होती. रानडे आणि त्यांचे सहकारी शास्त्रात आधार शोधत राहिले. आगरकरांनी विचारले, आधार नसला तर काय विधवेने तसेच राहायचे? हमीद दलवाई हे या दुसऱ्या वाटेचे. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन ते मुंबईच्या विधानभवनावर गेले, ते तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व कायद्याने बंद करा म्हणून. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. 'हा खरा इस्लाम नव्हे' या युक्तिवादावर दलवाईंनी आपली बाजू उभी केली नाही. अन्याय आहे, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. दोन्ही वाटा लागतात, असे या प्रस्तावनेच्या लेखकाचे मत आहे. घरातल्या माणसाला पटवायला रानडे लागतात, कायदा करायला आगरकर.

डच कायद्याने हळूहळू आगरकरांची हीच समज गाठली आहे. नागरी विवाहाआधी धार्मिक विवाह लावणाऱ्यावर तिथे गुन्हा दाखल होतो, मग तो पाद्री असो की इमाम. डिसेंबर २०१५पासून चुलत-मावस भावंडांना लग्न करायचे असेल तर दोघांनी आपण राजीखुशीने करतो असे शपथेवर सांगावे लागते. चुलत घरातले लग्न धर्मात बसते की रूढीत, हे अधिकारी विचारत नाही. मुलगी राजी आहे का, एवढेच तो विचारतो.

पुढच्या लेखांची मांडणी समाजवार आहे : आधी इंडोनेशिया आणि सूरिनामहून आलेले, मग तुर्क आणि मोरोक्कन, शेवटी सोमाली आणि इतर निर्वासित. कुणाला ग्रंथांचे दाखले कमी वाटतील, कुणाला टीका सौम्य वाटेल. लेखकांनी मुद्दाम उंबऱ्याच्या आत पाहिले आहे : लग्न, वारसा, मयत, जेवण, मुलींचे शिक्षण. धर्म आणि रूढी यांचा खरा झगडा व्यासपीठावर होत नाही, तो इथे होतो.

वाचकांना एकच विनंती. प्रत्येक प्रकरण वाचताना 'हे कुराणात आहे का?' हा प्रश्न जरूर विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. ही रेघ कुणी ओढली आणि ती ओढल्यावर घरातले सर्वांत दुबळे माणूस कोणत्या बाजूला उरले, हेही बघा. हीच मोजपट्टी आपल्या घरातल्या सणांना, लग्नांना आणि वाटण्यांना लावून पाहिली, तर हे पुस्तक दूरदेशीच्या मुसलमानांबद्दलचे राहणार नाही.